लाळ गाळणारे जनावर आणि रेबीज

संपादक महोदय,

भटक्या कुत्र्यांच्या उपद्रवाविषयी वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात वरचेवर प्रसिद्ध होतात, आणि ते रास्तच आहे; कारण माणसाला होणाऱ्या रेबीजच्या सुमारे ९९ टक्के प्रकरणांत विषाणू कुत्र्याकडूनच आलेला असतो. मात्र या चर्चेतून रेबीज हा केवळ कुत्र्याचा रोग असल्याचा समज पक्का होतो आणि तो गोठ्यात महागात पडतो, हे पशुवैद्यकीय सेवेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला सांगणे भाग आहे.

रेबीज कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो. मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा यांच्याप्रमाणेच गाय, म्हैस, शेळी, घोडा हेही त्यातून सुटत नाहीत. साप, पाल यांना तो होत नाही, आणि घरातल्या उंदरापासून होण्याची शक्यता नगण्य असते.

पिसाळलेला कुत्रा रात्री गोठ्यात शिरून म्हशीच्या नाकपुडीला किंवा पायाला चावतो, जखम भरून येते आणि घटना विस्मरणात जाते. विषाणू मात्र मज्जातंतूंवाटे मेंदूकडे सरकत राहतो आणि कित्येक आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी, तेथून लाळग्रंथींत उतरतो. मग जनावर वैरण सोडते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागतात, ते घसा बसल्यासारखे घोगरे हंबरते, वारंवार कुंथते. काही वेळा तर माजावर आल्याचा भास होतो. घशात कणीस किंवा आंब्याची कोय अडकली असावी, असे समजून मालक बाही सरसावून कोपरापर्यंत हात आत घालतो. प्रत्यक्षात घशाचे स्नायू लुळे पडल्यामुळे जनावराला गिळता येत नसते. धडधाकट कातडीवर पडलेल्या लाळेने रोग होत नाही हे खरे, पण विळ्याने कापलेले किंवा दाव्याने सोललेले बोट नाही असा शेतकरी विरळाच, आणि विषाणूला तेवढी वाट पुरते.

यातला विरोधाभास असा, की अशा म्हशीचे दूध प्यायले म्हणून अख्खी आळी आरोग्य केंद्रासमोर रांग लावते आणि ज्याने तोंडात हात घातला तो गोठा झाडत राहतो. कच्चे दूध टाळावेच, परंतु उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही. हात घालणाऱ्याने मात्र तो तातडीने वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावा, कारण विषाणूचे स्निग्ध आवरण साबणाने नष्ट होते. हळद, चुना किंवा तिखट भरण्यात वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून लस सुरू करावी. बेंबीभोवतीच्या १४ इंजेक्शनांच्या धास्तीने घरी बसणारे अजूनही भेटतात. ती जुनी लस बंद होऊन 2 दशके झाली. आता दंडावर मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात, जखम असल्यास तिच्याभोवती प्रतिद्रव्य टोचतात. कुत्रा चावलेल्या जनावरालाही लगेच लस देता येते. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र जनावर काय किंवा माणूस काय, दोघांनाही वाचवणे जवळजवळ अशक्य असते.

आपल्या दैनिकाच्या कृषिविषयक पानावर ही लक्षणे ठळकपणे छापावीत, तसेच पशुसंवर्धन खात्याने ती गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर लावावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक