नाना, त्या ओल्या कागदाबद्दल

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

वेल फुलली. हे तुम्हाला फोनवर सांगून झालंय, काकूंना फोटोही पाठवून झालेत. तरी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी "फुलली, फुलली" एवढंच चार वेळा म्हटलं आणि मग गळा दाटून आला म्हणून ठेवूनच दिला. तुम्ही म्हणत होतात, "अगं, आवाज तुटतोय." नेटवर्क चांगलं होतं, नाना.

आणि हे चारचौघांसमोर लिहिते आहे, तेही मुद्दाम. ज्यांनी ह्या वेलीच्या नावानं जानेवारीतच अंघोळ केली होती, त्यांच्याही वाचनात यावं, एवढा खडूसपणा माझ्यात आहे. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "एवढाच कसला, चांगला पायलीभर आहे."

वेल त्यांचीच. बारा वर्षांपूर्वी आम्ही सगळे ग्वाल्हेरच्या मेळ्यात गाड्या बघत हिंडत होतो आणि ह्या बाई चाळीस रुपयांचं एक रोप पदराखाली धरून परत आल्या, थंडी लागू नये म्हणून. नर्सरीवाले तिला ब्लीडिंग हार्ट म्हणतात. त्याचा अर्थ नातीनं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "हृदयातून रक्त? घरात असलं नाव नको." आणि तिचं बारसं केलं: करंड्याची वेल. ज्यांनी फूल पाहिलंय त्यांना पटेल. पांढराशुभ्र, फुगीर, पाच धारांचा कंदील, आणि त्याच्या तोंडातून कुंकू सांडावं तसं लालभडक फूल. लाल फूल दोन-चार दिवसांत गळतं, पांढरा करंडा मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो आणि हळूहळू जांभळट गुलाबी होत जातो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये, ती कठड्याच्या जाळीला वेढे घालत दोन पुरुष उंच गेली होती.

गेल्या आषाढात सासूबाई गेल्या. त्यांच्या हयातीत त्या ड्रमला हात लावायची मला परवानगी नव्हती. "तू पाणी घालतेस म्हणजे बुडवतेस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या गेल्यावर मी काय केलं असेल? रोज पाणी घातलं. थोडं प्रेमानं, थोडं अपराधीपणानं, थोडं त्यांच्यावरचा सूड म्हणूनही असेल. डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागली, मी पाणी वाढवलं. जानेवारीत आपल्याकडचं ते धुकं आलं, सूर्य कित्येक दिवस तोंड दाखवत नव्हता, पारा चार-पाचावर. एका सकाळी वर गेले तर जाळीवर नुसती सुतळी गुंडाळून ठेवल्यासारखी दिसली. एक पान नाही.

मग सल्लागार. एका नर्सरीवाल्यानं आधी औषधाची बाटली दिली, मग खताची पुडी दिली, दोन्हींचे पैसे घेतले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मोबाइलमधला फोटो त्यानं दोन बोटांनी मोठा करूनसुद्धा पाहिला नाही. "बहूजी, ये तो गई. बोगनवेलिया ले जाओ, मरती ही नहीं." आमच्या ओळखीतल्या एका बाईंच्या घरी शंभरावर कुंड्या आहेत. त्यांनी फोनवर पंधरा मिनिटं माझ्या अज्ञानाचा समाचार घेतला आणि बघायला काही आल्या नाहीत. आणि सर्वांत वाईट म्हणजे एक नातेवाईक, हातात चहाचा कप, सहज बोलल्यासारखं: "लावणारं माणूस गेलं की झाड राहत नाही गं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. तुम्ही काकूंना सोडायला आलात आणि दिवाणखाना बायकांनी भरलेला म्हणून तुम्हाला चहा-तिळगूळ देऊन गच्चीवर पिटाळलं. यजमानीण म्हणून ते काही शोभण्यासारखं नव्हतं, पण बरंच झालं म्हणायचं. अर्ध्या तासानं तुम्ही दारात येऊन उभे, बुटांसकट, आणि मोठ्यानं, "सूनबाई, वरची वेल कोणाची?" सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, "सासूबाईंची होती." तुम्ही म्हणालात, "होती काय? आहे."

नखानं साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवलात, तो भाग मी सोडते. ते आता मलाही येतं आणि दिसेल त्या काडीला मी नख लावत सुटते. मला आठवतं ते पुढचं. तुम्ही चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलात, आणि त्या वेलीबद्दलही तुम्ही माझ्याशी भूगोलातूनच बोललात. "हिचं गाव पश्चिम आफ्रिकेत. सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंतचा पट्टा. कॅलाबार बघ नकाशात, पाच अंश उत्तर अक्षांश, पाऊस आपल्या तिप्पट तरी. आपण सव्वीसवर. तिकडे हिवाळा हा शब्दच नाही. तिला तू जानेवारीत ग्वाल्हेरच्या गच्चीवर उभं केलंस, ती काय करणार? पांघरूण घेऊन झोपली. आणि तू रोज झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओततेयस."

मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी. पंधरा दिवसांनी एकदा तांब्याभर पाणी, कोंब दिसेपर्यंत खताचं नाव नाही, एवढं सांगून तुम्ही गेलात. महाशिवरात्रीनंतर कात्री घेऊन याल म्हणालात. असं म्हणणारे पुष्कळ असतात. तुम्ही आलात, गुडघे दुखत असताना तीन जिने चढून. आणि येताना वहीच्या पानावर टिपून आणलंत, जणू माझी तोंडी परीक्षा आहे. ही तुळशीच्या कुळातली. आपली रानभाजीची भारंगीसुद्धा पूर्वी हिच्याच वंशात गणायचे. त्या वंशाच्या ग्रीक नावाचा अर्थ नशिबाचं झाड. आणि जातीचं नाव थॉमसोनी का, तर तिकडे कॅलाबारला विल्यम कूपर थॉमसन म्हणून एक मिशनरी होता, त्याची बायको वारली होती. नव्या वेलीला तिचं नाव द्यावं अशी त्यानं विनंती केली. एडिंबरोच्या बागेचे प्रमुख बाल्फोर, त्यांनी १८६२ साली ते दिलं. हे वाचून तुम्ही कागदाची घडी घातलीत आणि एवढंच म्हणालात, "म्हणजे गेलेल्या बाईची आठवण म्हणून ही वेल पहिल्यांदा तुमच्याच घरात आलेली नाही." मी जिन्याकडे तोंड करून उभी राहिले. तुम्हाला वाटलं असेल मी चहाचं बघतेय.

आता कागदाबद्दल.

वरचं सगळं वाळलेलं तुम्ही कापून टाकलंत. फूल नव्या फांदीवरच येतं, म्हणून जुन्यावर माया करायची नाही, म्हणालात. खाली उरलं होतं ते जेमतेम दीड हात हिरवं. मला वाटलं झालं काम. तर तुम्ही त्या दीड हातातूनसुद्धा दोन काड्या कापल्यात. माझ्या पोटात गोळाच आला. आधीच एवढंसं उरलेलं, त्यातलं आणखी का? तुम्ही खिशातून घडी घातलेला वर्तमानपत्राचा तुकडा काढलात, स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यानं भिजवलात, काड्या त्यात गुंडाळल्यात, वर गजकच्या डब्याचं रबर लावलंत आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलात.

"मला वाटतं ती फुटेल. पण मी चुकलो तर तुझ्या हातात काहीतरी राहायला हवं."

नाना, मी चुकलो तर. हे तीन शब्द मी त्याआधीच्या वर्षभरात कोणाच्याच तोंडून ऐकले नव्हते. सासूबाईंच्या आजारपणात तर अजिबात नाही. एक मोठे डॉक्टर, नाव आणि ठिकाण राहू दे, "चार दिवसांत घरी" म्हणाले होते, छाती ठोकून. पाचव्या दिवशी तेच म्हणाले, "आम्ही पहिल्यापासून सांगत होतो." उपचारात चूक झाली असं मी म्हणत नाही, मला त्यातलं कळत नाही, आणि वय एक्याऐंशी होतं. पण दोन्ही वेळा आवाज तोच, तितकाच पक्का. आणि आमच्या हातात काय? बिलांची फाइल. नर्सरीवाल्याचा आवाजही तसाच. कपवाल्या नातेवाइकाचाही. कोणालाच शंका नव्हती.

तुम्हाला त्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं आणि तरी शंका धरलीत ती फक्त तुम्ही. बरं, नुसती शंका धरून मोकळे झाला नाहीत. चुकलात तर माझं कमीत कमी नुकसान कसं होईल, ह्याचा विचार घरून करून आला होतात. नाहीतर कागदाचा तुकडा खिशात आधीपासून कशाला असेल? चांगुलपणा म्हणतात तो हाच असावा बहुतेक. लोक आपल्याला चांगुलपणा म्हणून केवढं काय काय दाखवतात, शाली, नारळ, व्यासपीठ, आणि एवढा गाजावाजा झाल्यावर आपल्याला खरा ओळखूच येईनासा होतो. तो असा ओला असतो, त्यावर कालचे सोन्याचे भाव छापलेले असतात.

मार्च सरता सरता कोंब फुटले. उन्हाळ्याचं लिहीत बसत नाही. पंचेचाळीस अंशाची लू, हिरवी जाळी, ड्रम ओढून पूर्वेच्या भिंतीकडे नेताना ह्यांच्या कमरेत भरलेली उसण, आणि दर दोन दिवसांनी तुमचा फोन, "दुपारी पाणी घातलं नाहीस ना?" सगळं निभावलं. वर्षश्राद्धाला एकही कळी नव्हती. मी मनातून वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू. सिनेमा असता तर बरोबर त्याच दिवशी फुलली असती. ती फुलली अकरा दिवस उशिरा, एका मंगळवारी, घरात कोणी नसताना. मी वाळत टाकलेले कपडे काढायला वर गेले होते. पावसाची भुरभुर होती. खाली, पार बुडाशी, पानाआड एकच घोस. सहा करंडे, त्यातल्या दोघांत कुंकू. आता जाळी अर्धी भरलीय आणि शक्करखोऱ्यांची एक जोडी सकाळी हजेरी लावून जाते.

कागदातल्या काड्यांचं सांगायचं राहिलं. एक कुजली, ती मी बुडवली असणार. दुसरी जगली. गरज नव्हती तिची, तुम्ही चुकला नव्हतात, तरी जगली. आता कुंडीत कमरेएवढी झालीय आणि तिला टोकाशी कळ्या दिसतायत. ती तुमची. नको म्हणू नका. काकूंनी जागासुद्धा ठरवलीय, बाल्कनीत, दुपारचं ऊन येत नाही त्या कोपऱ्यात. दिवाळीनंतर पाणी कमी करायचं, हे मी तुम्हाला सांगतेय ह्याची गंमत वाटते, पण लिहून ठेवते.

हे रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला रिक्षातून आणतील. कुंडी जड आहे, हे एकटे वर आणतील. खालून हाक मारतील, तुम्ही जिना उतरायचा नाही.

तुमची,
सूनबाई