माळ, मूळ, मेळ आणि मोळी : माझी टिपणं जपून हलवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलं आहे. ते पाळते. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते माझ्यापुरतं राहू नये असं मनापासून वाटतं. एका ॲपमधली टिपणं दुसऱ्या ॲपमध्ये न्यायची म्हटलं की जो तो सांगतो, "एक्स्पोर्ट कर, इम्पोर्ट कर, झालं." मजकूर पोचतोही. पण टिपण कधी लिहिलं, कोणत्या वहीत ठेवलं, कशाशी जोडलं, हेही टिपणाइतकंच मोलाचं असतं, हे मला कोणाला पटवून द्यावं लागलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. तुम्ही ते माझ्याआधीच धरून चालला होतात.

माझं काम भाषांतराचं. वाचताना अडलेले शब्द, त्यांचे अर्थ, कोणत्या मजकुरासाठी कोणता पर्याय ठरवला आणि का, हे सगळं वर्षानुवर्षं एव्हरनोट या टिपणांच्या ॲपमध्ये साठत गेलं. यात तारखेला फार महत्त्व. एकाच शब्दाबद्दल दोन टिपणं असतील तर नंतरचा निर्णय कोणता, हे फक्त तारीखच सांगते. शिवाय एका टिपणातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या लिंका. त्या तुटल्या तर ढीग उरतो, संग्रह उरत नाही. हे सगळं साध्या फाइलींच्या रूपात माझ्या स्वतःच्या डिस्कवर असावं, कोणत्याही ॲपने वाचता यावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून मार्कडाउन, म्हणजे मांडणीही साध्या चिन्हांनी दाखवणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइली, आणि त्यांचा फोल्डर उघडायला ऑब्सिडियन हे ॲप.

तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत, "जुनं खातं बंद करायचं नाही, एक टिपणही पुसायचं नाही, आणि सगळं एकदम काढायचं नाही. एकेक वही वेगळी काढा." त्याचं कारण नंतर कळलं. एक्स्पोर्ट केल्यावर एव्हरनोट जी एनेक्स फाइल देतं, तिच्यात टिपणाचं शीर्षक असतं, टॅग असतात, तारखा असतात, पण ते कोणत्या वहीतलं, हे नसतं. वहीचं नाव टिकवायचं तर वहीगणिक वेगळी फाइल काढून तिलाच ते नाव द्यायचं. कुलूप लावलेला मजकूरही एक्स्पोर्टमध्ये कुलूपबंदच येतो, म्हणून तो आधी उघडून घ्यायला लावलात. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही माझ्याकडून नमुन्यादाखल थोडी टिपणं मागितलीत, आणि तीही मुद्दाम अवघड. तक्ता असलेलं एक, कामांची यादी असलेलं एक, एकाच शीर्षकाची दोन, फार लांब शीर्षकाचं एक, ध्वनिमुद्रण जोडलेलं एक. "सोपी टिपणं कुठूनही जातील, मला न जाणारी द्या," हे तुमचं वाक्य. त्या नमुन्यावर तुम्ही एनेक्सचं मार्कडाउन करणारी एक मोफत मिळणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालवून पाहिलीत. शेवटी 'काम पूर्ण' असा संदेश आला. मी असते तर तिथे हुश्श केलं असतं. तुम्ही फोल्डर उघडून फाइली मोजल्यात. टिपणं जास्त होती, फाइली कमी.

माझ्याकडे 'माळ', 'मूळ', 'मेळ' आणि 'मोळी' अशी चार शब्दांची चार टिपणं होती. फोल्डरमध्ये 'मळ' नावाची एकच फाइल होती. ती स्क्रिप्ट शीर्षकातून फाइलचं नाव तयार करताना 'शब्दात न चालणारी' चिन्हं काढून टाकत होती. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, आपली व्यंजनं अक्षरांच्या वर्गात मोडतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळ्या, चिन्हांच्या वर्गात. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत शब्दातलं अक्षर ओळखण्याची जी नेहमीची खूण वापरतात, ती या दुसऱ्या वर्गाला शब्दात धरतच नाही. त्यामुळे चारही नावांतलं बाकी सगळं गळून 'मळ' उरलं, आणि प्रत्येक नवी फाइल आधीच्या फाइलीवर लिहिली गेली. चार टिपणांतली तीन गेली, आणि संगणकाच्या लेखी सगळं सुरळीत होतं.

ताई, हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण मराठीत टिपणं ठेवणाऱ्या कोणाच्याही बाबतीत हे होऊ शकतं, आणि ते झाल्याचं महिनोन्‌महिने कळणारही नाही. एखादा शब्द शोधायला जावं आणि तो मिळू नये, तेव्हा माणूस स्वतःच्या आठवणीवर शंका घेतो.

तुम्ही ती स्क्रिप्ट बाजूला ठेवलीत आणि स्वतः नवी लिहिलीत. लांब शीर्षकांचा प्रश्न तिथेच सुटला. लिनक्स आणि अँड्रॉइडवर फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे नावात ८५ चिन्हंच मावतात, आणि त्यात काना-मात्राही मोजले जातात. तुम्ही नाव जोडाक्षराच्या मध्ये तुटणार नाही अशा बेताने कापलंत आणि पूर्ण शीर्षक फाइलीच्या आत पहिल्या ओळींत जपलंत. तारखाही तिथेच लिहिल्यात. फाइलीची स्वतःची तारीख नकल करताना बदलू शकते, मजकुरातली बदलत नाही. एनेक्समध्ये तारीख सलग आकड्यांत असते आणि शेवटी झेड, म्हणजे ती जागतिक प्रमाणवेळेची. ती तशीच उचलली तर मध्यरात्रीनंतर लिहिलेलं टिपण आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतं. तुम्ही ती वेळ आपल्या घड्याळाला लावून घेतलीत. माझं बरंचसं लिखाण रात्रीचंच आहे, हे तुम्हाला ठाऊकही नव्हतं.

लिंकांच्या कामात मात्र तुमचा खरा कस लागला. एव्हरनोटमधली लिंक ज्या टिपणाकडे जाते त्याचा ओळखक्रमांक लिंकेत असतो, पण खुद्द त्या टिपणाच्या एनेक्स नोंदीत तो क्रमांक नसतो. म्हणजे हातात पत्ता आहे, आणि घरांवर पाट्याच नाहीत. उरतं फक्त लिंकेतलं दिसणारं शीर्षक. त्यावरून जोड्या जुळवायच्या. बहुतेक जुळल्या. काही शीर्षकं डोळ्यांना तंतोतंत सारखी असूनही जुळेनात, आणि त्या सगळ्यांत 'दुसऱ्या', 'सुधारणाऱ्या' असा ऱ होता. तुम्ही मला एकेक चिन्ह सुटं करून दाखवलंत. हा ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो. र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशा दोन चिन्हांनीही येतो. आणि र, हलन्त व एक न दिसणारं जोडचिन्ह अशा तिसऱ्या तऱ्हेनेही उमटतो. मी फोनवर एका कीबोर्डने लिहिलेलं, लॅपटॉपवर दुसऱ्याने. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांना एकच रूप देण्याच्या ठरलेल्या नियमाने, एक होतात. तिसरी होत नाही. तिच्यासाठी तुम्ही वेगळा नियम लिहिलात. तरीही जुळल्या नाहीत त्या, म्हणजे ज्यांची शीर्षकं मी मागाहून बदलली होती, त्यांची यादी काढून माझ्यापुढे ठेवलीत: "इथे मी अंदाज करणार नाही. हे तुमचं तुम्हीच ठरवायचं." या वाक्यासाठी मी तुमची विशेष ऋणी आहे. अंदाजाने जोडलेली चुकीची लिंक तुटलेल्या लिंकेपेक्षा वाईट, कारण तिच्यावर आपण विश्वास ठेवतो.

राहिली ध्वनिमुद्रणं. त्यांतली काही माझ्या आत्याच्या आवाजातली आहेत. जुने शब्द ती कसे उच्चारायची ते मी टिपून ठेवलं होतं, आणि आता ती नाही. एनेक्समध्ये जोडलेली प्रत्येक फाइल बेस ६४ पद्धतीने मजकुरात बदलून ठेवलेली असते, म्हणूनच त्या फाइली सुमारे एक तृतीयांशाने फुगतात. टिपणात त्या जोडलेल्या फाइलीच्या जागी तिचा एमडी५ ठसा, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेली ओळखखूण, असतो. तुम्ही बाहेर काढलेल्या प्रत्येक फाइलीचा ठसा पुन्हा काढून मूळ ठशाशी ताडून पाहिलात. सगळे जुळले. हे मी तुमच्याकडे मागितलं नव्हतं. मागायचं असतं हेही मला माहीत नव्हतं.

या सगळ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, "पुढच्याला मदत करा" एवढंच म्हणालात. तेच करते आहे. माझ्या दोन सहकारी भाषांतरकार मैत्रिणी सध्या याच वाटेवर आहेत, एक नोशनमधून, एक गूगल कीपमधून. नोशनची एक्स्पोर्ट केलेली फाइलनावं मागे लांबलचक ओळखक्रमांक घेऊन येतात, कीपची टिपणं टेकआउट या गूगलच्या एक्स्पोर्टच्या सोयीतून जेसन नावाच्या साच्यातल्या फाइली होऊन येतात. रूपं वेगळी, पण तुमचा क्रम त्यांनाही जसाच्या तसा दिला: आधी अवघड नमुना, मग मोजणी, मग तारखा, मग लिंका, आणि हे सगळं तपासून होईपर्यंत जुनं काही पुसायचं नाही.

आता एक विनंती. त्या अवघड टिपणांची जी फाइल तुम्ही चाचणीसाठी तयार केलीत, ती सर्वांसाठी खुली करावी. माझी त्यातली सगळी टिपणं त्यासाठी खुशाल वापरा. नोंदींची ॲप बनवणाऱ्यांनी ती एकदा चालवून पाहिली तरी पुष्कळ मराठी टिपणं वाचतील. तिच्यात एक जोडी कमी आहे, ती सोबत पाठवते आहे: 'ॲ' हे अक्षर काही कीबोर्ड एका चिन्हात लिहितात, काही 'अ' वर अर्धचंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखी, आणि इथे युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. तुमच्या नियमांत याची सोय करता येईल का, ते सवडीने कळवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची ऋणी,
एक भाषांतरकार