वाघाच्या नकाशात आमची बोडी पण धरा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात वाघाचं नेहमीच येते, कुठं दिसला, किती बछडे झाले, कोणाला मारलं. आम्ही सगळं वाचतो, कारण आमचं गाव नागभीड तालुक्यात, जंगलाला अगदी लागून. पण आता उन्हाळे असे व्हायला लागले की हे लिहायलाच पाहिजे असं वाटलं. वातावरण बदलून राहिलं, मग जनावरं जगवायची तर कोणता भाग आधी सांभाळायचा याचे नकाशे तज्ज्ञ लोकं काढतात, अन् काढलेच पाहिजेत, पैसा थोडा अन् मुलूख मोठा, सगळीकडे एकदम काम होत नाही. पण त्या नकाशात ताडोबा, पेंच, मेळघाट, बोर, नवेगाव-नागझिरा एवढेच रंगवले अन् मधला सगळा भाग पांढरा सोडला तर तो नकाशा आमच्या कामाचा नाही, अन् वाघाच्याही नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते, ब्रह्मपुरीला तर ४७ पण झालेला आहे. तेव्हाच तेंदूपत्त्याचा हंगाम राहते. बाया पहाटे चार-साडेचारला निघतात, दहाच्या आत पुडे बांधून घरी यायचं म्हणून. नाले तोवर आटलेले असतात, एखाद्या डोहात तेवढं पाणी, अन् वाघ, अस्वल, रानडुक्कर सगळे त्याच डोहाच्या सावलीत. माझी वहिनी तीन वर्षांपूर्वी अशाच एका डोहाजवळ अस्वलाच्या तावडीत सापडली, वाचली, पण उजवा हात अजून नीट उचलत नाही. मी अस्वलाला दोष देत नाही. त्याला दुसरीकडे पाणी असतं तर ते तिथं बसलंच नसतं. आधी त्या पट्ट्यात तीन बोड्या होत्या, मेमध्येही गुरं पाणी पीत होती, आता दोन गाळानं भरल्या अन् एकीत नुसती बेशरमची झुडपं.

बोडी म्हणजे लहान तलाव, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारी तलाव अन् बोड्या मिळून सहा हजारांच्या वर आहेत, गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधत आणलेले. पाण्याचा उतार पाहून एकाखाली एक, वरचा भरला की सांडवा खालच्यात. १९५१ ला मालगुजारी म्हणजे इकडची जमीनदारी गेली, तलाव सरकारकडे आले, अन् गाळ काढायची गावाची जी रीत होती ती हळूहळू सुटली. आमचे आजोबा सांगायचे की दर उन्हाळ्यात घराघरातून एक माणूस गाळ काढायला जायचाच, अन् तो गाळ धानाच्या बांधीत टाकला की वेगळं खत लागत नव्हतं.

आता याचा हवामानाशी काय संबंध, तर सरळ संबंध आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आम्ही डोळ्यानं तेच पाहून राहिलो, रोवणीच्या वेळेस पंधरा-पंधरा दिवस कोरडे अन् मग दोन दिवसात नाल्याला पूर. असा पाऊस जमिनीत मुरत नाही, वाहून जाते. त्याला अडवायला आमच्याकडे तलाव बांधूनच ठेवलेले आहेत, नवीन काही शोधायचं नाही. सौर पंपावरचे पाणवठे जंगल खात्यानं केले ते चांगलंच केलं, पण पंप बंद पडला तर तिथं भांडं कोरडं, अन् बोडीत मासे, कमळ, बेडूक, बगळे, सगळा संसार राहते. गोंदियातल्या अर्जुनी मोरगावकडे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांनी बेशरम उपटून गावरान पाणवनस्पती लावल्या, तर गावरान मासे परत आले.

मेळघाटातल्या जनावराला एक सोय आहे. उंची १००० मीटर वाढली की तापमान साधारण ६ अंशानं उतरते, अन् चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास आहे, म्हणून खाली तापलं की वर चढता येते, काही कोसांचीच गोष्ट. आमचा मुलूख सपाट. इथं जनावराला थंड जागा गाठायची तर लांब लांब चालावं लागते, म्हणून इथं डोंगराचं काम सावलीनं, नाल्याकाठच्या झाडीनं अन् पाण्यानं करायचं आहे. आम्हाला पाहिजे ते सगळं याच्यातच आलं: पाणी अन् वाट.

वाट किती लांब असू शकते ते यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या रेडिओ कॉलर लावलेल्या वाघानं दाखवलं. २०१९ मध्ये तो निघाला अन् तेलंगणा, मराठवाडा करत करत पाच महिन्यात १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या वाटेवर सगळं अभयारण्य नव्हतं, कास्तकारांची वावरं होती, नाले होते, झुडपं होती. तो टिकला त्या झुडपांमुळे. अन् आपल्या पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल म्हणून ८६ हजार हेक्टरच्या वर जमीन आहे, जिला सगळे पडीक समजत आले, कोणी खदान मागते, कोणी गोदाम मागते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की झुडपी जंगल हे जंगलच आहे. याच्यात घरं अन् शेतीचे जुने प्रश्न आहेत ते कोर्टानं वेगळे पाहिले, बरंच झालं. पण उरलेले तुकडे, दोन-दोन चार-चार एकराचे का असेना, नकाशावर एकेक करून लावा, ताडोबा अन् उमरेड-करांडला अभयारण्य यांच्यामध्ये घोडाझरी अन् ब्रह्मपुरीच्या जंगलाला जोडणारे कोणते ते दिसेल. तेच आधी वाचवायचे.

वाघाला धरून आखणी केली की काही जीव सुटून जातात, तेही सांगतो. सारस पक्षी महाराष्ट्रात फक्त आमच्या झाडीपट्टीच्या धानात अन् तलावात उरला, त्यातही गोंदियाकडेच जास्त. त्याचं घरटं पावसाळ्यात उथळ पाण्यात, एका रात्रीत पाणी चढलं की अंडी गेली. त्याला वाघाचा प्रकल्प काय कामाचा?

दुसरं, नहर, म्हणजे कालवा. गोसीखुर्द धरणाचा उजवा नहर ताडोबा अन् करांडलाच्या मधून गेलेला आहे, आम्हाला पाणी पाहिजेच, मी स्वतः धानाचा कास्तकार आहे, पण सिमेंटच्या उतारावरून चितळ घसरलं की त्याला वर येता येत नाही. यावर जागोजागी चढायला रॅम्प अन् वरून मातीचे रुंद पूल पाहिजेत. होऊ शकते. नागपूर-शिवनी हायवेवर पेंचमध्ये ९ ठिकाणी जनावरांसाठी खालून वाटा काढल्या, सगळ्यात लांब ७५० मीटरची, अन् त्या खालून वाघ, रानकुत्रे, चितळ जातात हे कॅमेऱ्यात आलेलं आहे. मग नहराला अन् नागपूर-नागभीड ब्रॉडगेजला तसंच मोजमाप लावायला काय हरकत आहे?

अन् नकाशा काढताना गावात या. सॅटेलाईटवर तलाव दिसते, तो मार्चमध्ये आटते का मेमध्ये हे गुराख्याला माहीत असते. कोणत्या नाल्यात झरा आहे ते मोहफूल वेचणाऱ्या बाईला माहीत असते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, १,८०० हेक्टर जंगल ते लोकं सांभाळून राहिले, म्हणजे गावाला हे जमते. आमच्या तालुक्यात कोणता तलाव, कोणती झुडपी, नहरावर कुठं पूल, याची कच्ची यादी मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, पक्की व्हायच्या आत, अन् ग्रामसभेत वाचा. आमच्या तीन बोड्यांचे गट नंबर मी लिहून ठेवले आहेत, ज्याला पाहिजे त्याला देतो, सोबत फिरून दाखवतो. एप्रिलच्या आधी आले तर बरं, मग ऊन झेपत नाही.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. नागभीड, जि. चंद्रपूर