दादा बागायतदार नव्हते, मॅनेजर होते

मा. संपादक यांस,
स.न.

गेल्या महिन्यात आपल्या पेपरात आमच्या दादांच्या निधनाची बातमी आली त्याबद्दल आधी आभार. चार ओळी आणि शेजारी फोटो, फोटो पण चांगला उमटला (नाहीतर त्या कॉलमात माणूस ओळखू येत नाही कधीकधी). फक्त बातमीत 'परिसरातील प्रगतशील बागायतदार' असं छापलंय. तुमची चूक नाही ती, आमच्या चुलतभावाने घाईत जे सगळ्यांचं छापून येतं तेच सांगितलं. पण दादा असते तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणले असते, बागायतदार? कोणाची बागायत? म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा.

दादा शेती महामंडळात होते, हरेगाव मळ्यावर. शेतकीचा डिप्लोमा करून १९७० ला असिस्टंट म्हणून लागले, मॅनेजर झाले आणि २००६ ला रिटायर झाले. आता नवीन पोरांना महामंडळ म्हणजे काय हेच माहीत नसतं. शंभरेक वर्षांपूर्वी प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण होत होतं, कालव्याला पाणी येणार म्हणून आपल्याकडे ऊसवाल्या कंपन्या आल्या, हरेगावला बेलापूर कंपनी आली, आणि त्यांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. पुढं १९६१ ला सीलिंगचा, म्हणजे जास्तीत जास्त किती जमीन ठेवायची याचा कायदा आला, कंपन्यांकडची जमीन सरकारकडे गेली आणि ती कसायला १९६३ ला महामंडळ काढलं. खंडाने दिलेली जमीन पण त्यातच गेली. त्यात आमच्या पणजोबांची १८ एकर होती.

म्हणजे दादा ज्या मळ्याचे मॅनेजर त्याच मळ्यात एका कडेला आमची जमीन, आणि तिच्यावर सुद्धा ऊस लावायचा, खत टाकायचं, तोड आली की कारखान्याला पाठवायचा, हे सगळं दादांनीच बघायचं, पगारावर. त्यांनी कधी बोट करून दाखवलं नाही की हे आपलं. मला आजीने दाखवलं, बैलगाडीतून जाताना, ती बांधावरची बाभळ बघ म्हणून.

आमचे आप्पा, म्हणजे दादांचे थोरले भाऊ, खंडकऱ्यांच्या, म्हणजे खंडाने दिलेली जमीन परत मागणाऱ्या शेतकऱ्यांच्या मोर्चात पुढं असायचे. मोर्चा ऑफिसवर यायचा, आप्पा बाहेर घोषणा देतायत आणि दादा आत खुर्चीत. मग दादा बाहेर यायचे, सख्ख्या भावाच्या हातातून निवेदन घ्यायचे, शिक्का मारून पोच द्यायचे, आणि संध्याकाळी दोघं आमच्या ओट्यावर चहाला. आईला हे काही केल्या पटायचं नाही. आप्पा म्हणायचे, त्याची ड्युटी त्याने केली, माझी मी केली. दादा बशीत चहा ओतत बसायचे.

बाप म्हणून कसे होते हे सांगायचं तर रात्रीचं सांगते. पाटाला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी सुटलं की दादा रात्री तीनला उठायचे, दारं धरणारी, म्हणजे उसाला पाणी वळवणारी माणसं जागी आहेत का बघायला, आणि मला झोप येत नसली तर सायकलवर पुढं बसवून न्यायचे. आई ओरडायची, पोरगी आहे, थंडी आहे. मला तिथंच गणित आलं, शाळेत नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. तीन फुटाची सरी धरली तर किती सऱ्या बसल्या? अकरा. एकराला दोन डोळ्यांची दहा हजार टिपरी बेणं लागतं, मग गुंठ्याला किती? अंधारात बॅटरीच्या उजेडात मी बोटं मोडायची आणि अडीचशे म्हणलं की दादा घंटी वाजवायचे सायकलची. बक्षीस म्हणून बाकी काही नाही. पुढं मी बँकेत लागले, आकड्यांची भीती कधी वाटली नाही, ती त्या घंटीमुळं.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा असते, मळ्यावरचे कितीतरी कामगार ख्रिश्चन, ते घरी बोलवायचे आणि दादा आम्हा भावंडांना घेऊन एकेका घरी जाऊन यायचेच, कितीही काम असलं तरी.

२००२ नंतरची दोनतीन वर्षं उसावर लोकरी मावा आला होता, ते अनेकांना आठवत असेल. पानाखाली पांढरं पीठ फासल्यासारखं, चालत गेलं की कपडे चिकट. सगळे फवारा फवारा म्हणत होते. दादांनी वाचलं की डिफा आणि मायक्रोमस हे किडे तो मावा खातात, मग ज्या प्लॉटमध्ये ते दिसले तिथली कोष असलेली पानं कापून आणायची आणि दुसऱ्या प्लॉटच्या पानाला स्टेपलरने टाचायची, हे सुरू झालं. घरातला स्टेपलर गेला, ऑफिसातला गेला, भावाच्या प्रोजेक्टला ऐनवेळी स्टेपलर नाही म्हणून घरात भांडण. ५५-५६ वर्षांचा माणूस उसात वाकून पानं टाचतोय, लोक हसायचे. कमी झाला मावा, किती दादांच्या टाचण्यांमुळं आणि किती आपोआप ते देव जाणे.

सरळ माणूस होता वगैरे सगळ्यांच्याच वडलांबद्दल लिहितात. आमच्याकडे त्याचा त्रास होता खरं तर. संक्रांतीच्या वाणाला पाच ऊस लागायचे, हजारो टन ऊस दाराशी, आणि दादा त्या पाच उसांची पावती फाडून आणायचे. आई त्या दिवशी बोलायची नाही. ट्रंकेत त्या पावत्यांचा गठ्ठा सापडलाय आत्ता.

पण दशक्रियेला एक म्हातारी बाई आली, मळ्यावर खुरपणीला होती पूर्वी, आम्ही कोणी ओळखलं नाही. ती आईजवळ बसून म्हणाली, माझा पोरगा नगरला दवाखान्यात होता तेव्हा बावीस दिवस मी कामावर नव्हते, साहेबांनी मस्टरवर एक खाडा लावला नाही. आई बघतच राहिली. म्हणजे पाच उसांची पावती फाडणारा माणूस मस्टर खोटं भरत होता. कोणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. आई दोन दिवस त्यावरच बोलत होती, कधी रागाने कधी हसून, मला एका शब्दाने बोलले नाहीत म्हणून.

आता बागायतदारीचं. २०१२ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतर खंडकऱ्यांना जमिनी परत मिळायला लागल्या, आमची पण मिळाली. भावकीत वाटण्या होऊन दादांच्या वाट्याला सव्वादोन एकर आली. आप्पा तोवर गेले होते. दादा बघायला गेले, ढेकूळ उचलून फोडलं, बराच वेळ उभे राहिले आणि हसायला लागले. जमीन चोपण झालेली, पाणी जास्त झालं की होते तशी, वर पांढरं मीठ. म्हणले, मीच पाजलंय हिला पाणी. तसं नोकरीत पण ते निचऱ्याचे चर खणा म्हणून मागं लागलेले असायचे, सगळे पाणी मागतायत आणि हा माणूस पाणी काढायचं बोलतोय म्हणून चेष्टा व्हायची. आता स्वतःच्या शेतात पहिलं वर्षभर फक्त चर खणले आणि हिरवळीच्या खताला धैंचा पेरून गाडला. दुसऱ्या वर्षी परत तेच. शेजारी ८६०३२ जातीचा ऊस लावून मोकळे झाले, दादांचं रान रिकामं. तिसऱ्या वर्षी ऊस लावला, चारचौघांसारखा आला, फार भारी नाही, आणि पहिल्या मोळीतले दोन ऊस ते आप्पांच्या घरी ठेवून आले.

तेव्हा बागायतदार म्हणायचं तर सव्वादोन एकरांचे, तेही शेवटी शेवटी. ३६ वर्षं दुसऱ्याची जमीन स्वतःची असल्यासारखी बघितली, त्यातली थोडी खरंच स्वतःची होती. या कामाला निधनवार्तेत काय म्हणतात मला माहीत नाही, 'शेतीचे मॅनेजर' एवढं छापलं तरी चालेल.

आणि वय ७६ छापलंय ते ७७ पाहिजे. दाखल्यावर १ जून १९४८ आहे, सगळ्यांचा असतो तसाच, पण आई म्हणते साल बरोबर आहे. तेवढं दुरुस्त करून छापा, तिला कात्रण ट्रंकेत पावत्यांबरोबर ठेवायचंय.

आपली,
एक वाचक, श्रीरामपूर