यंदाची वर्गणी बर्फाच्या यंत्रासाठी

सप्रेम नमस्कार.

यंदा गणेशोत्सवात डीजे नाही, रोषणाईही निम्मीच. त्यातून वाचलेले पैसे आणि आपली वर्गणी मिळून आपल्या भागातल्या धर्मादाय रुग्णालयाला स्लश मशीन घेऊन द्यायचे मंडळाने ठरवले आहे. निर्जंतुक सलाईनचा भुसभुशीत बर्फ करणारे हे यंत्र किडनी प्रत्यारोपणाच्या ऑपरेशनसाठी हवे आहे. बर्फासाठी एवढा खर्च कशाला, असे बैठकीतही विचारले गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दात्याची किडनी काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. ऊबेत ती भराभर खराब होते. ४ अंशांच्या आसपास ठेवली की पेशींची भूक मंदावते. म्हणून आतले रक्त थंड द्रावणाने धुऊन काढतात, किडनी एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत घालतात आणि मग बर्फाच्या पेटीत ठेवतात. बर्फ थेट लागू देत नाहीत, नाहीतर ती गोठून वाया जायची. अशी किडनी साधारण २४ तास तग धरते. लवकर बसेल तेवढे बरे.

खरी अडचण पेटी उघडल्यावर येते. रक्तवाहिन्या जोडायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. वरून दिवे, खालून पेशंटच्या अंगाची ऊब, त्यात सर्जनचे हात. किडनी तापत जाते आणि रक्त तर अजून सुरू झालेले नसते. हा वेळ लांबला तर नवी किडनी लगेच काम करेलच असे नाही. पेशंटला काही दिवस पुन्हा डायलिसिस करावे लागू शकते. म्हणून तिच्याभोवती गॉज गुंडाळून त्यात हा बर्फ भरतात, टाक्यांपुरती जागा तेवढी उघडी. आईची किडनी शेजारच्याच थिएटरमधून मुलासाठी आली, तरी थंडावा हवाच.

सध्या तिथे निर्जंतुक आवरणातल्या सलाईनच्या पिशव्या फ्रीझरमध्ये गोठवून हातोडीने ठेचतात. काम भागते, पण खडे टोकदार राहतात आणि ऐन ऑपरेशनमध्ये एक माणूस ठोकाठोकीत अडकतो.

काहींनी घरचा बर्फ देऊ केला. प्रेम पोचले, पण तो चालत नाही!

दरपत्रक मंडळाच्या फलकावर लावले आहे. धनादेश थेट रुग्णालयाच्या नावाने काढावा. रोख दिल्यास पावती घ्याच, कार्यकर्ता कितीही ओळखीचा असो. यंत्रासाठी स्वतंत्र वायरिंग लागेल. कुणी इलेक्ट्रिशियन मजुरी न घेता करून देणार असेल, तर आरतीनंतर मंडपात भेटावे.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते