फोन ठेवल्यावर

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद. काल तुझ्या नव्या लोगोवरचं माझं बोलणं तुला लागलं, हे तू नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवलास तेव्हाच कळलं. आई म्हणाली, आता पुन्हा फोन नको, लिही. ट्रेडमार्कचा, म्हणजे लोगो आपल्या नावावर नोंदवण्याचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

तुझा लोगो वाईट आहे असं मी म्हटलं नव्हतं. दहा जणांच्या लोगोंमध्ये तो ठेवला तर तुझा कुठला, हे मला ओळखता येईना. तोच निळा, तीच गोलसर अक्षरं. निळा विश्वासाचा रंग म्हणतेस. पण त्याच कारणाने तो सगळ्यांनी घेतलाय, मग तुझा म्हणून ओळखू कसा येणार? त्या सगळ्यांचे लोगो एका कागदावर छाप, मधोमध तुझा ठेव आणि लांबून बघ. मग तो नुसत्या काळ्या शाईत छाप. रंग गेल्यावर काहीच उरत नसेल तर आकारावर अजून काम हवं. ब्राउझरच्या टॅबवर, १६ पिक्सेलमध्ये, तो नुसता ठिपका दिसतो का तेही बघ. आणि स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मलूल होतो, तेव्हा छपाईचे आकडे आत्ताच ठरवून

झालं, शिकवायला लागलो. माफ कर. माझ्या पसंतीवर जाऊ नकोस. नायकेची ती खूण १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये काढून दिली. कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट यांना तेव्हा ती फारशी आवडलीही नव्हती. पण ती घेतली आणि वर्षानुवर्षं टिकवली. तूही जे ठरवशील ते दर सहा महिन्यांनी बदलू नकोस.

फक्त तसाच लोगो कुणी आधी नोंदवलाय का, याचा शोध घेतलास का, एवढं सांग. दादांच्या प्रेसमधल्या लेबलाचं तुला कधी सांगितलं नाही. गिऱ्हाइकाचा पहिलाच धंदा. हिरवं पान, देठ डावीकडे वळलेला. प्लेट मीच केली. छपाई झाली, गठ्ठे बांधले, आणि वकिलाची नोटीस आली: तसंच पान दुसऱ्या कुणी आधीच नोंदवलं होतं. सगळे गठ्ठे मी कटिंग मशीनखाली आडवे कापले. तो माणूस शेजारी उभा राहून बघत होता. पुन्हा कधी आला नाही. काल तुझा लोगो उघडला आणि मला तो माणूस दिसला, म्हणून आवाज चढला.

ज्या मुलाने लोगो काढून दिला त्याच्याकडून हक्क लेखी घे. पैसे दिले म्हणजे हक्क आपल्याकडे आलेच असं नसतं. पुन्हा तेच सुरू झालं माझं.

नोकरी सोडून स्वतःचं उभं करतेस, हे मी प्रेसमधल्या प्रत्येकाला सांगितलंय. तुला तेवढं सांगायचं राहिलं.

लहानपणी तू वाया गेलेल्या शीटांच्या मागे चिमणी काढायचीस, हात न उचलता, एकाच रेषेत. चोच कायम जरा मोठी व्हायची. कुणीही लांबून म्हणायचं, ही मुक्ताची. एक शीट जपून ठेवली होती, सोबत पाठवतोय. लोगोसाठी नाही, अशीच.

शोध घेऊन झाला की नुसतं 'झालं' असं कळव. रात्री कितीही वाजले तरी चालेल.

तुझा,
बाबा