तुम्ही बदलायला लावलेला प्रोसेसर आणि माझ्या हातांवर ठेवलेला ठपका

माशेल, गोवा
८ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कॉम्प्युटरच्या सुट्या भागांबाबत दिलेला चुकीचा सल्ला, बिलापेक्षा वेगळी आलेली रॅम आणि माझ्या तक्रारीला मिळालेलं खोटं उत्तर

महोदय,

२ ऑगस्टला मी तुमच्या साइटवरून गेमिंग पीसीचे सगळे भाग मागवले. बिल ९७,४०० रुपयांचं झालं. हा माझा पहिला पीसी, आणि तो स्वतःच्या हाताने जोडायचा असं मी ठरवलं होतं. तो चालू झाला नाही म्हणून १६ ऑगस्टला तुम्हाला ईमेल केली. २० तारखेला उत्तर आलं की "ग्राहकाने चुकीच्या पद्धतीने जोडणी केल्यामुळे बोर्ड सुरू होत नाही, खोका उघडलेला असल्याने परत घेता येणार नाही". ते वाक्य खोटं आहे आणि हे पत्र मुख्यतः त्याच्यासाठी लिहिते आहे. पैशांचं आणि रॅमचं पुढे येईलच.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हे पैसे दीड वर्ष दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून जमवलेले आहेत. मशीनला हात लावायच्या आधी तिचं कॅलिब्रेशन झालंय का ते बघायचं, नोंद करायची आणि मगच काम सुरू करायचं, हा आमचा रोजचा शिरस्ता. भाग निवडताना मी तेच केलं. एक दोनशेपानी वही घातली आणि दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की तिच्यात लिहीत बसायचे. सगळ्यात जास्त पानं ग्राफिक्स कार्डावर गेली. ८ जीबी मेमरीचं आरटीएक्स ५०६० घ्यावं की १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी, यात पंधरा दिवस घुटमळले. काही नवे खेळ टेक्श्चर (दृश्यातल्या पृष्ठभागांचा बारकावा) वरच्या पातळीवर ठेवली की ८ जीबी आत्ताच भरून टाकतात, आणि मला हे कार्ड चार-पाच वर्षं तरी वापरायचं आहे, म्हणून १६ जीबी घेतलं. ते १६० वॉट खातं. त्या हिशेबाने ५५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) पुरला असता, तरी मी चांगल्या कंपनीचा ६५० वॉटचा घेतला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जाते आणि येताना व्होल्टेज कसंही येतं. अशा वेळी नाव-गाव नसलेला स्वस्त डबा स्वतः जळतो आणि बोर्डालाही सोबत नेतो. कॅबिनेट घेताना कार्डाची लांबी आणि आतली जागा मिलिमीटरमध्ये मांडून ताळा केला. पुढे जाळी असलेलंच कॅबिनेट घेतलं, कारण इथल्या दमट उकाड्यात काचेने तोंड बंद केलेल्या डब्यात हवा खेळणार कुठून!

प्रोसेसरपुढे माझ्या वहीत रायझन ५ ७६०० लिहिलेलं आहे. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, खोक्यात कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा). माझ्या कार्डाला तो पुरेसा होता आणि तुमच्याकडच्या बी६५० जातीच्या मदरबोर्डावर (ज्यावर बाकीचे भाग बसतात) कसलीही खटपट न करता चालला असता.

१ ऑगस्टला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी तुमच्या सल्ला क्रमांकावर फोन केला, तो फक्त बोर्ड स्टॉकमध्ये आहे का हे विचारायला. तुमच्या सल्लागाराने माझी यादी ऐकून घेतली आणि म्हणाला, ७६०० आता जुना झाला, २,६०० रुपये जास्त घाला आणि ९६००एक्स घ्या, याच बोर्डावर बसतो. मी विचारलं, "बायोस अपडेट करावं लागेल का?" बायोस म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. हा प्रश्न मी विचारला होता, कृपया लक्षात घ्या. तो म्हणाला, "मॅडम, सॉकेट एकच आहे. लावा आणि चालू करा." मी यादी बदलली. तुमच्या साइटवरच्या जुळणी तपासणीत सगळ्या ओळींपुढे हिरवी खूण उमटली. तिचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. फोन लागताच कॉल रेकॉर्ड होत असल्याचं तुम्हीच ऐकवता, तेव्हा ते रेकॉर्डिंग काढून ऐका.

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, एकच आहे हे खरं. एएम५ हे सॉकेट २०२२ पासून तेच आहे. पण बसलेला प्रोसेसर बोर्डाला ओळखता आला पाहिजे, आणि ती ओळख बायोसमध्ये असते. ९६००एक्स बाजारात आला ऑगस्ट २०२४ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी कारखान्यातून निघून गोदामात पडलेल्या बी६५० बोर्डाच्या बायोसला तो माहीत असणं शक्यच नाही. कुठला प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो याचा तक्ता बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या साइटवर देतात. तुमच्या तपासणीने तो तक्ता पाहिला नाही, नुसतं सॉकेटचं नाव जुळवलं आणि हिरवी खूण दिली. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस चढवायचं बटण असतं. तुमच्या स्टॉकमधल्या या बोर्डावर तेही नाही.

११ ऑगस्टला खोकी आली. ९६००एक्सच्या खोक्यात कूलर नसतो हे ते उघडल्यावर कळलं. ७६०० बरोबर तो मिळाला असता. प्रोसेसर बदलायला सांगताना ही गोष्ट सांगायला नको होती का? तपासणीनेही यादीत कूलर नसल्याचं दाखवलं नाही. १३ तारखेला कामावरून सुटल्यावर भर पावसात पणजी गाठली आणि १,९५० रुपयांचा कूलर घेऊन आले.

१५ ऑगस्टला सुट्टी होती. जेवणाचं लाकडी टेबल पुसून कोरडं केलं, पंखा बंद केला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक, एक वाकली की बोर्ड गेलं. म्हणून प्रोसेसर दोन्ही कडांनी धरला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवला आणि वरून न दाबता अलगद सोडला. खटका आवळताना जोर लावावा लागतो, कर्रकन आवाज होतो आणि काळं प्लास्टिकचं झाकण टपकन उडून बाहेर येतं. ते झाकण मी त्याच क्षणी पिशवीत घालून ठेवलं. या सगळ्याचा व्हिडिओ आहे, कारण जोडणीची आठवण म्हणून आईने तो फोनवर काढला होता. त्यात सॉकेट रिकामं असतानाच्या पिना स्पष्ट दिसतात, सगळ्या सरळ रांगेत. तो व्हिडिओ १६ तारखेच्या ईमेलला जोडलेला होता. तुमच्याकडे कुणी तो उघडला तरी का?

बटण दाबलं. पंखे फिरले आणि बोर्डावरच्या चार बारीक दिव्यांपैकी सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, लाल दिवा लागला. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना बरीच मिनिटं पडदा काळा राहतो, हे मी वाचलं होतं. त्यामुळे घाबरले नाही, चाळीस मिनिटं थांबले. मग ग्राफिक्स कार्ड काढून केबल थेट बोर्डाला लावून पाहिली, बायोसच्या सेटिंग्ज जपणारा सीमॉसचा सेल काढून पुन्हा घातला, प्रोसेसरच्या आठ पिनांच्या केबलचं कनेक्टर काढून नीट बसवलं. लाल दिवा हलला नाही. रात्री अकरापर्यंत मी त्याच्यासमोर बसून होते.

दुसऱ्या दिवशी तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. मी दिव्याचं सांगितलं, बायोसची शंका सांगितली. पलीकडच्या माणसाने मला मधेच तोडून विचारलं, "घर में कोई लड़का है क्या? उसको फोन दीजिए." मी म्हटलं, पीसी माझा आहे आणि जोडलाही मीच आहे. त्यावर तो म्हणाला, मग जोडतानाच काहीतरी चुकलं असेल. मी दिवसभर मायक्रोग्रॅमपर्यंत वजन करणाऱ्या काट्यांवर काम करते. त्या माणसाने माझं काम पाहिलं नव्हतं, व्हिडिओ पाहिला नव्हता, बोर्डाचा मॉडेल क्रमांकही विचारला नव्हता. बाईचा आवाज ऐकला आणि चूक कुणाची ते ठरवून टाकलं. मला याचा फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही. चार दिवसांनी तुमच्या विभागाने तेच लेखी कळवलं.

२३ ऑगस्टला मी सगळा संच रिक्षात घालून फोंड्याला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आधी माझी वही पाहिली, मग बोर्डावरचा इवलासा स्टिकर फोनच्या कॅमेऱ्यातून मोठा करून वाचला आणि म्हणाला, "ताई, हा बायोस २०२३ चा आहे." त्याने माझ्या पिना भिंगाखाली तपासल्या, एकही वाकलेली नव्हती. दुकानातला जुना ७६०० त्याच बोर्डात घातला, पडदा लागला. पेनड्राइव्हवरून नवा बायोस चढवला, माझा ९६००एक्स परत बसवला आणि पीसी सुरू झाला. सगळं मिळून तास-सव्वा तास लागला. त्याने १,२०० रुपये घेतले आणि जुन्या-नव्या बायोसचे क्रमांक लिहून सहीशिक्क्याची पावती दिली. चवथीला मुंबईहून चुलत भावंडं आली तेव्हा पीसी चालू होता, तो या गृहस्थांमुळे.

म्हणजे बोर्ड धड होतं, प्रोसेसर धड होता, माझी जोडणी धड होती. चूक तुमच्या सल्ल्यात होती.

"खोका उघडलेला आहे" या कारणाबद्दलही लिहायलाच हवं. मदरबोर्ड खोक्यातून बाहेर काढल्याशिवाय तो चालतो की नाही हे कुणाला कळलं आहे? ही अट लावली तर बंद पडलेला एकही बोर्ड तुम्हाला कधीच परत घ्यावा लागणार नाही.

आता रॅम. मी मागवली होती १६ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६०००. बिलावरही तेच छापलेलं आहे. आली ३२ जीबीची एकच पट्टी. मी हेही १६ ऑगस्टच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, उत्तरात त्याचा उल्लेखच नाही. २५ तारखेला फोनवर विचारलं तर सांगण्यात आलं की ३२ म्हणजे ३२च, फरक पडत नाही. फरक पडतो. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन चॅनलवरून मेमरी वाचतो, एकावर वाट निम्मी होते. दुरुस्तीवाल्याने त्याच्याकडच्या दोन पट्ट्या घालून मला दाखवलं, गर्दीच्या प्रसंगात खेळ अडखळतो ते अडखळणं बरंच कमी झालं. मी दोन चॅनलचे पैसे भरले आहेत.

माझं मागणं पुढीलप्रमाणे आहे. २० ऑगस्टच्या ईमेलमधला माझ्या जोडणीवरचा ठपका लेखी मागे घ्यावा. रॅमची पट्टी तुमच्या खर्चाने नेऊन बिलात आहे तसा दोन पट्ट्यांचा संच द्यावा. बायोससाठी गेलेले १,२०० आणि न सांगितलेल्या कूलरचे १,९५०, असे ३,१५० रुपये परत करावेत. प्रोसेसरच्या फरकाचे २,६०० मी मागत नाही, तो आता चालतो आहे आणि मी ठेवते आहे. जुळणी तपासणीत बायोसचा तक्ता घाला, किंवा निदान हिरव्या खुणेऐवजी "बायोस अपडेट लागू शकेल" अशी सूचना द्या, आणि खोक्यात कूलर नसेल तर तसं दाखवा. माझ्याजवळ फोंड्याचा दुरुस्तीवाला होता. एखादा बारावीचा मुलगा किंवा मुलगी सत्तरी तालुक्यातल्या गावात बसून तुमच्या हिरव्या खुणेवर आईबापांचे पैसे लावत असेल, तर त्यांनी कुठे जायचं? आणि फोनवर बसणाऱ्यांना सांगा की जो बोलतोय त्याचंच ऐकायचं, घरातला मुलगा मागायचा नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं असतं. पोच मला मिळालीच नाही, चार दिवसांनी थेट ठपका मिळाला. महिना १५ सप्टेंबरला भरतो. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहते त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही.

व्हिडिओ, हिरव्या खुणांचा स्क्रीनशॉट, बिल, कूलरचं बिल आणि दुरुस्तीची पावती या पत्रासोबत पुन्हा पाठवते आहे. रॅमची पट्टी तिच्या मूळ वेष्टनासह ठेवली आहे, पण नवा संच हातात पडल्यावरच ती कुरिअरवाल्याच्या ताब्यात देईन. त्याला संध्याकाळी सहानंतर पाठवा, मी सव्वापाचच्या बसने घरी येते.

आपली ग्राहक,
(सही)
ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहे.